प्रकल्प नोंदी: सहा लोककथा, माझ्या आवाजात

६ जानेवारी

प्रकल्प काय आहे ते आधी लिहून ठेवते, म्हणजे नंतर फाटे फोडायला जागा नको. सहा लोककथा, प्रत्येकी दहा ते पंधरा मिनिटं, माझ्या आवाजात रेकॉर्ड करायच्या, साफ करायच्या आणि लोकांना ऐकायला द्यायच्या. पार्श्वसंगीत नाही, इफेक्ट्स नाहीत, नुसता आवाज. मुदत जूनअखेर.

हे मी कित्येक वर्षं करायचं म्हणतेय. गोष्ट सांगणं मला लहानपणापासून येतं, कुणी शिकवलं नाही, कळायला लागल्यापासून येतंच आहे. शाळेत धडा मोठ्याने वाचायला मलाच उभं करायचे, घरातली पोरं खेळ सोडून ऐकत बसायची, आणि अजूनही कुणी आजारी असलं की "तू काहीतरी सांग गं" असंच म्हणतात. आणि तरी नेमकं हेच काम पुढे ढकललं जातं. ऑफिसची कामं वेळेत होतात, बिलं वेळेत भरली जातात, दुसऱ्याचं प्रेझेंटेशन अडलं तर रात्री जागून करून देते, पण जे मला सगळ्यात चांगलं येतं ते मात्र "निवांत वेळ मिळाला की" या खात्यात पडून आहे. काम तर करायचंच आहे, पण ते करता करता हे असं का होतं तेही बघायचंय, म्हणून या नोंदी.

९ जानेवारी

दादा साउंडचं काम करतो. त्याला विचारलं कुठला माइक घेऊ, तर त्याने स्वतःचा जुना यूएसबी माइक आणून दिला आणि म्हणाला, "अगं माइकचं नंतर बघू, आधी खोली बघ. खोली घुमत असेल तर कितीही भारी माइक लाव, तो घुमणारी खोलीच रेकॉर्ड करणार."

मग दोघांनी मिळून घरभर टाळ्या वाजवून बघितल्या. हॉलमध्ये टाळीला शेपूट येतं, म्हणजे टाळी संपल्यावरही झिंग राहते. कपड्यांच्या कपाटाची दोन्ही दारं उघडून त्याच्या समोर टाळी वाजवली तर ती तिथल्या तिथे मरते. कपडे आवाज पिऊन टाकतात. जागा ठरली. तोंड कपाटाकडे, पाठीमागे जाड चादर टांगायची, पंखा बंद, फ्रिजच्या खोलीचं दार बंद.

मी माइकचे रिव्ह्यू वाचण्यात किती संध्याकाळी घालवल्या असत्या याचा विचार करतेय. सामान घेणं, कोर्स शोधणं, दुसऱ्यांचे व्हिडिओ बघणं हे सगळं इतकं कामासारखं दिसतं की आपण टाळतोय हे आपल्यालाच कळत नाही. आणि घरच्यांनाही वाटतं पोरगी मेहनत घेतेय.

१० जानेवारी

काही केलं नाही. म्हणजे सगळं सामान लागलेलं आहे, पंधरा मिनिटं मोकळी होती, आणि मी कपाट आवरलं.

१४ जानेवारी

टाळाटाळीवर थोडं वाचलं, कारण "आळस" हे उत्तर मला पटत नाही, आळशी माणूस रात्री एक वाजता दुसऱ्याच्या स्लाइड्स नीट करत बसत नाही. फ्युशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलेली गोष्ट मला एकदम लागू पडली. त्यांचं म्हणणं असं की टाळाटाळीत मुख्य प्रश्न वेळेचा नसतोच, तो मनःस्थितीचा असतो. काम समोर आलं की पोटात काहीतरी होतं, कंटाळा, भीती, लाज, स्वतःबद्दल शंका, आणि काम बाजूला सारलं की ते लगेच ओसरतं. ती जी सुटका मिळते तिचीच सवय लागते. पुढचं ओझं उद्याच्या "मी"वर, आणि ती उद्याची बाई बिचारी हजर नसते तक्रार करायला.

परवा कपाट आवरताना नेमकं हेच झालं होतं. माइकसमोर बसायचं ठरलं तेव्हा छातीत धडधड, आणि पहिली घडी घातली तशी शांत. घड्या घालण्यात काही वाईट नाही, पण ती शांतता कशाच्या बदल्यात मिळाली ते दिसलं हे बरं झालं.

म्हणजे आता टाइमटेबल आखून उपयोग नाही. ती धडधड असतानाच बसता आलं पाहिजे.

१९ जानेवारी

बसले. पहिली गोष्ट, म्हातारी आणि वाघ, पहिली दोन पानं. मग हेडफोन लावून ऐकलं, आणि वाटलं ही कोण. आवाज पातळ, नाकातून येतोय असा, आणि मला जो माझा आवाज माहीत आहे तो भरदार आहे.

दादाला फोन केला. तो हसला नाही, त्याने नीट समजावलं. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो, एक हवेतून कानात, जसा सगळ्यांना येतो तसा, आणि दुसरा कवटीच्या हाडांतून आतल्या आत. हाडांतून खालचे, जाड सूर जास्त पोचतात, त्यामुळे स्वतःला स्वतःचा आवाज भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये ती दुसरी वाट नसते. "तुला जो पातळ वाटतोय ना तो आवाज आम्ही सगळे जन्मभर ऐकतोय," तो म्हणाला, "आणि त्याच आवाजासाठी पोरं खेळ सोडून बसायची."

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

यावर अभ्यासही झालाय. होल्झमन आणि राउझी या दोघांनी १९६६ मध्ये यावर लिहिलं आणि या अनुभवाला व्हॉइस कन्फ्रंटेशन म्हटलं. त्यांच्या मते नुसत्या सुरातल्या फरकाने माणूस दचकत नाही, रेकॉर्डिंगमध्ये आपल्याला आवाजातल्या अशा छटा ऐकू येतात ज्या दाखवायचा आपला इरादा नव्हता. मला ते लगेच पटलं. माझ्या त्या दोन पानांत मला घाबरलेली बाई ऐकू आली, आणि ती गोष्टीतली म्हातारी नव्हती.

पण हे कळल्यावर एक सरळ उपाय सुचला, रोज ऐकायचं. अनोळखी माणसाशी ओळख होते तशी या आवाजाशी करायची. रेकॉर्ड करायचा मूड नसला तरी जुनं दोन मिनिटं ऐकायचं, आणि ऐकताना हातात पेन्सिल धरायची, म्हणजे "कसा वाटतोय" याऐवजी "श्वास कुठे घेतला" याच्याकडे लक्ष जातं.

२ फेब्रुवारी

आज काही तांत्रिक नाही, डोक्यात जे चाललंय ते लिहिते कारण मला वाटतं या सगळ्या प्रकल्पाचं मूळ इथे आहे.

मला कायम ज्या शब्दांत शाबासकी मिळाली ते शब्द असे होते: "हिला उपजतच आहे", "आवाज देवाची देणगी", "हिला काही करावं लागत नाही". प्रेमानेच म्हणायचे सगळे. पण आता वाटतं की या कौतुकाने माझ्या हातात एक अशी वस्तू दिली जी फक्त सांभाळायची असते. देणगी आहे म्हटल्यावर ती वापरायची कशी, वापरली आणि साधारण निघाली तर? स्प्रेडशीट चुकली तर स्प्रेडशीट चुकली, पण गोष्ट फसली तर मग माझ्याकडे वेगळं असं राहिलं काय? जोवर रेकॉर्डच करत नाही तोवर मी "करू शकली असती अशी" राहते, आणि त्या जागी कुणी हात लावू शकत नाही. म्हणून मला वाटतं माणूस सगळ्यात जास्त टाळाटाळ आपल्या अंगच्या गुणाचीच करतो. जे येत नाही ते टाळण्यात एवढं काही पणाला लागलेलं नसतं.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग याच्या जवळचे आहेत. पाचवीच्या वयाच्या मुलांना कोडी सोडवायला दिली, मग काहींना म्हटलं तू हुशार आहेस, काहींना म्हटलं तू मेहनत घेतलीस. पुढे काय करायचं ते निवडायला सांगितल्यावर हुशार म्हटलेली मुलं जास्त करून सोप्या, चांगलं जमेल अशा कामाकडे वळली, आणि मध्ये एकदा अवघड कोडी देऊन अपयश आल्यानंतर त्यांची कामगिरी घसरली. मेहनतीबद्दल कौतुक झालेली मुलं अवघडाकडे गेली आणि टिकली. मला त्या हुशार म्हटलेल्या पोरांबद्दल फार वाटलं. त्यांना कुणी वाईट बोललं नव्हतं.

आणि दुसरा प्रयोग बर्गलास आणि जोन्स यांचा, १९७८ चा. आपल्याला यश मिळालं पण ते नक्की कशामुळे मिळालं हे ज्यांना कळत नव्हतं, अशांना पुढच्या चाचणीआधी दोन औषधांतलं एक निवडायला दिलं, एक कामगिरी सुधारणारं आणि एक बिघडवणारं. त्यांतल्या पुरुषांनी बऱ्याच प्रमाणात बिघडवणारं निवडलं. कारण मग फसलं तरी दोष औषधाचा. शेवटच्या रात्री काम करायला बसणं हेही तेच औषध आहे असं मला वाटतं, "वेळच मिळाला नाही, नाहीतर..." हे वाक्य तयार राहतं.

तर आजपासून मी माझ्यापुरती भाषा बदलतेय. "आवाज चांगला लागला का" हा प्रश्न वहीत लिहायचा नाही. "आज कशावर काम केलं" एवढंच.

७ फेब्रुवारी

काम: श्वास. वाक्याच्या मधे श्वास घेतला की अर्थ तुटतो, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये पेन्सिलने उभ्या रेघा मारल्या. एक रेघ छोटा श्वास, दोन रेघा पूर्ण. बास.

११ फेब्रुवारी

ठरवून बसण्याचं एक तंत्र वापरतेय, पीटर गॉलविट्झर यांचं. "मी रोज सराव करेन" असं म्हणायचं नाही, "अमुक झालं की मी तमुक करेन" असं बांधून ठेवायचं. वेळ, जागा आणि पहिली हालचाल तिन्ही ठरलेलं पाहिजे. १९९७ च्या एका प्रयोगात त्यांनी विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा अहवाल लिहायला सांगितला होता, आणि कधी, कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधी नक्की केलं त्यांच्यातल्या अहवाल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त होतं. इच्छा दोन्ही गटांना होतीच की.

माझं वाक्य: रात्री भांडी आवरून हात पुसले की कपाटाची दारं उघडायची. एवढंच. त्यात "रेकॉर्ड करायचं" हे नाहीच. दारं उघडायला कुणाला भीती वाटत नाही. पण दारं उघडली की चादर टांगली जाते, चादर टांगली की पंखा बंद होतो, आणि पंखा बंद झाला की घर शांत होतं आणि मग त्या शांततेत नुसतं उभं राहण्यापेक्षा बोलणंच सोपं वाटतं.

दुसरं वाक्य अडचणीसाठी: धडधड सुरू झाली तर पहिला परिच्छेद कुजबुजत वाचायचा. कुजबुज रेकॉर्ड करायची नसते त्यामुळे ती कशीही झाली तरी चालते, आणि तोवर तोंड सैल होतं.

१५ फेब्रुवारी

चालतंय. दारं रोज उघडतात.

२३ फेब्रुवारी

आज खरं कारागिरीचं काम झालं आणि मला इतका आनंद झालाय की सविस्तर लिहिणार.

आपल्या भाषेत प, फ, ब, भ यांची रेलचेल आहे आणि माइकला हे चारही आवडत नाहीत. ओठ उघडताना हवेचा जो झोत बाहेर पडतो तो थेट माइकच्या पडद्यावर आदळतो आणि धप्प असा आवाज येतो. फ आणि भ तर जास्तच, कारण त्यांत प्राण जास्त. आणि गोष्टीत "भुकेला" वाघ आहे, तो दर चार वाक्यांनी येतो. दादाने सांगितलं माइक तोंडासमोर ठेवू नकोस, एक वीत लांब आणि जरा बाजूला ठेव, आणि तू मात्र सरळ बोल, म्हणजे हवा माइकच्या बाजूने निघून जाईल आणि आवाज पोचेल. मधे पॉप फिल्टर म्हणून ताणलेली जाळी लावली. भ सुटला. आता "स" आणि "श" राहिले, ते कानाला टोचतात, पण माइक ओठांच्या रेषेपासून थोडा खाली घेतल्यावर तेही बरेच नरमले.

मग म्हातारीचा आवाज. मी आधी जे करत होते ते म्हणजे घसा आवळून थरथरता आवाज काढायचा, नाटकातल्या म्हातारीसारखा. ऐकताना ते खोटं वाटत होतं. आज मी आवाज बदललाच नाही, फक्त श्वास बदलला. म्हातारं माणूस लांब वाक्य एका दमात बोलत नाही, ते मधेच थांबतं, हवा घेतं आणि मग शेवटचे दोन शब्द जरा घाईने संपवतं. तेवढंच केलं. स्वर माझाच, वेगही जवळपास तोच, फक्त "मला जरा... लेकीकडे जाऊन येऊ दे" यात त्या टिंबांच्या जागी एक छोटा, ऐकू येणारा श्वास. आणि ती आली. खरंच आली, हेडफोनमध्ये एक म्हातारी बाई उभी होती जी घाबरलेली होती आणि तरी वाघाशी सौदा करत होती.

हे मला कुणी शिकवलं नाही हे खरं, पण हे मला लहानपणी येतही नव्हतं. हे आज, कपाटासमोर, तोच परिच्छेद परत परत वाचताना सापडलं. उपजत गोष्ट म्हणजे मला वाटतं काय हवंय ते ऐकू येणं. ते काढायचं कसं हे कामातच कळतं.

४ मार्च

पहिली गोष्ट पूर्ण रेकॉर्ड झाली. कच्ची आहे.

२६ मार्च

मधे तीन आठवडे दारं उघडली नाहीत. ऑफिसमध्ये वर्षअखेर, घरी आजारपण, आणि मग त्या दोन्ही गोष्टी संपल्यावरही नाही उघडली. खंड पडला की परत सुरू करणं पहिल्यापेक्षा जड जातं कारण आता भीतीच्या जोडीला अपराधीपणा येऊन बसतो, आणि अपराधी वाटायला लागलं की त्या कामाकडे बघवत नाही, म्हणून आणखी टाळतो, म्हणून आणखी अपराधी वाटतं.

हे चक्र कुठे तुटतं याचं एक उत्तर वोहल, पिचिल आणि बेनेट यांच्या २०१० च्या अभ्यासात आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात टाळाटाळ केली, त्यातल्या ज्यांनी स्वतःला त्याबद्दल माफ केलं त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी टाळाटाळ केली. आपल्याला उलटं शिकवलेलं असतं, की स्वतःला धारेवर धरलं तरच सुधारणा होते. मला वाटतं ज्या कामाच्या दारात रोज ओरडा बसतो त्या दारात पाय टाकावासा वाटत नाही, साधी गोष्ट आहे.

तर: तीन आठवडे गेले, गेले. आज दारं उघडली. पहिल्या गोष्टीचं पहिलं पान कुजबुजत वाचलं.

३० मार्च

सवयीबद्दल सारखं ऐकू येतं की एकवीस दिवसांत लागते. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये प्रत्यक्ष माणसांवर बघितलं तर सरासरी ६६ दिवस लागले, आणि कुणाला १८ तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. हा आकडा मला धीर देणारा वाटतो, एकवीस दिवसांत जमलं नाही म्हणून किती जणांनी स्वतःला नालायक ठरवून चांगलं काम सोडलं असेल.

८ एप्रिल

अमेरिकन अभिनेते जेम्स अर्ल जोन्स यांच्याबद्दल वाचत होते, ते २०२४ मध्ये गेले. गेल्या शतकातल्या सगळ्यात ओळखीच्या आवाजांपैकी एक, पडद्यावर 'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ व्हेडरला मिळालेला तो खोल आवाज त्यांचा. हा माणूस लहानपणी इतका तोतरा बोलायचा की साधारण आठ वर्षं तो जवळजवळ बोललाच नाही. शाळेतल्या एका शिक्षकांना कळलं की हा मुलगा कविता लिहितो, आणि त्यांनी त्याला स्वतःची कविता वर्गासमोर म्हणायला लावली. म्हणताना तो अडखळला नाही. आणि पुढेही तोतरेपणा पूर्ण गेला असं त्यांनी कधी म्हटलं नाही, आयुष्यभर शब्द जपून निवडत राहिले.

मला यातली आठ वर्षं दिसत राहतात. तो आवाज तेव्हाही त्या मुलाच्या गळ्यात होताच ना, किंवा तयार होत होता. नुसता असून काही झालं नाही. आणि तोतरेपणा जाईपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर आपण तो आवाज कधीच ऐकला नसता. मीही कुठेतरी हेच धरून बसले होते की भीती गेली की सुरू करू. ती जायची तेव्हा जाईल. तिला खोलीत बसू द्यायचं आणि आपण वाचायचं.

१७ एप्रिल

एडिटिंग. ऑडासिटीमध्ये काम करतेय, फुकट आहे आणि पुरेसं आहे. थोडक्यात पद्धत, कुणाला उपयोगी पडली तर:

चुकलं की रेकॉर्डिंग थांबवायचं नाही, एक टाळी वाजवायची आणि वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. नंतर स्क्रीनवर टाळीचा उंच सुळका लांबूनही दिसतो, तिथे जाऊन कापायचं. सुरुवातीला अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची, कारण कापलेल्या जागी अगदी मुकी शांतता भरली तर कानाला खड्डा लागतो, तिथे खोलीचीच शांतता लावायची. एसीएक्स या ऑडिओबुक प्रकाशित करणाऱ्या सेवेचे निकष मी पाळायचा प्रयत्न करतेय, सगळ्यात मोठा आवाज उणे ३ डेसिबलच्या वर नको, सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ च्या मधे, आणि शांततेतला खरखराट उणे ६० च्या खाली. माझी खोली पंखा बंद केल्यावर त्यात बसते.

मला या आकड्यांचा आधार वाटतो. "चांगलं झालंय का" याला उत्तर नाही, पण "उणे ६० च्या खाली आहे का" याला आहे. भीतीला मोकळं मैदान लागतं, आकड्यांनी ते जरा लहान होतं.

२५ एप्रिल

आज पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला ऐकवायचं ठरलं होतं. फाइल तयार, दादाला आणि भाचीला पाठवायची. भाची नऊ वर्षांची आहे आणि ती तोंडदेखलं काही बोलत नाही. सेंडवर बोट आणि तळहात गार.

अशा वेळी सगळे सांगतात शांत हो, दीर्घ श्वास घे. ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये वेगळंच दाखवलं. लोकांना अनोळखी माणसांसमोर गायला, भाषण द्यायला लावलं, आणि त्याआधी काहींना "मी उत्सुक आहे" असं मोठ्याने म्हणायला सांगितलं. ती माणसं जास्त चांगली गायली, बोलली. कारण असं की भीती आणि उत्सुकता दोन्हीत शरीर सारखंच पेटलेलं असतं, छाती धडधडते, हात गार पडतात. त्या पेटलेल्या शरीराला एकदम शांत करणं अवघड, पण त्याच उर्मीला दुसरं नाव देणं जमतं.

मोठ्याने म्हटलं, "मला भारी वाटतंय." पाठवलं.

२६ एप्रिल

भाचीचा व्हॉइस मेसेज: "मावशी, वाघ मस्त आहे. पण तू शेवटी पळत का सुटलीस? म्हातारी घरी पोचली ते मला नीट कळलंच नाही. मी दोनदा ऐकलं."

बरोबर आहे तिचं. शेवटची दोन मिनिटं मी घाईने वाचली आहेत, संपवून मोकळं व्हायच्या घाईत. आणि "दोनदा ऐकलं" हे मी दहा वेळा ऐकलं असेल. शेवट परत रेकॉर्ड करणार.

दादाचा मेसेज: "खोली छान. शेवट गडबड. दुसरी कधी?"

गंमत म्हणजे (आणि हे मला लिहून ठेवायचंच आहे) हे वाचून मला काहीच झालं नाही. ज्या टीकेच्या भीतीने इतकी वर्षं गेली ती आली तेव्हा ती "शेवट हळू वाच" एवढीच होती. करता येण्यासारखं काम होतं ते. टीका मनात असते तेव्हा ती माणसावर असते, आणि प्रत्यक्षात येते तेव्हा बहुतेक वेळा शेवटच्या दोन मिनिटांवर असते.

३ मे

शेवट झाला. म्हातारी आता दारापर्यंत चालत जाते, पळत नाही.

१२ मे

दुसरी गोष्ट निम्मी. हिच्यात वर्णन जास्त आणि संवाद कमी आहेत, आणि वर्णन वाचणं मला संवादापेक्षा कितीतरी अवघड जातंय. पात्र असलं की त्याच्या आड उभं राहता येतं, वर्णनात मी एकटीच. दारं उघडते, वाचते, काही दिवस नुसतं कुजबुजून परत बंद करते. तेही काम म्हणून वहीत लिहिते.

२४ मे

लिब्रिवॉक्सबद्दल दादाने सांगितलं होतं, आज नीट बघितलं. २००५ पासून चालू आहे, कॉपीराइट संपलेली पुस्तकं जगभरातली साधी माणसं वाचतात आणि ती सगळ्यांना फुकट ऐकायला मिळतात. नव्या वाचकाकडून आधी एक मिनिटाचं चाचणी रेकॉर्डिंग मागतात, आणि त्यात बघतात ते तांत्रिक बाजू ठीक आहे का, खरखर किती, पातळी किती. तुमचा आवाज सुंदर आहे का, उच्चार कुठल्या भागातले आहेत, यावर कुणाला नाकारत नाहीत.

मी तिथली काही रेकॉर्डिंग ऐकत बसले. काही उत्तम आहेत, काही सपाट, एका माणसाला वाचताना सर्दी झालेली होती आणि त्याने तरी पूर्ण प्रकरण वाचलं. आणि मी ते शेवटपर्यंत ऐकलं कारण मला पुढे काय होतं ते हवं होतं. ऐकणारा माणूस गोष्टीसाठी आलेला असतो. मी इतका काळ धरून चालले होते की तो मला तपासायला येतो.

८ जून

दुसरी गोष्ट झाली. तिसरीचं रेकॉर्डिंग एका बैठकीत झालं, पावसाआधी उरकायचं म्हणून, कारण पाऊस लागला की खिडकीचा आवाज उणे ६० च्या वर जातो.

१५ जून

पहिल्या तीन गोष्टी आज सगळ्यांसाठी खुल्या केल्या. छाती धडधडत होती, जानेवारीत होती तेवढीच, काही कमी नाही. फरक एवढाच की अपलोड होत असताना मी चौथीच्या स्क्रिप्टवर रेघा मारत होते.

जूनअखेर सहा होणार नाहीत, चार होतील. उरलेल्या दोनसाठी सप्टेंबर.

१६ जून

एका बाईंचा निरोप आला, ओळख नाही. त्यांच्या आईला आता दिसत नाही, त्यांनी आईला म्हातारी आणि वाघ लावून दिली. आईंनी विचारलं की दुसऱ्या गोष्टी कधी येणार, आणि आवाज थोडा मोठा करता येईल का. सरासरी पातळी उणे २१ च्या आसपास आहे, उणे १९ पर्यंत नेता येईल, वरच्या टोकाला धक्का न लावता. आज रात्री तिन्ही फाइल्स परत काढून बघते आणि चौथीत दोन म्हाताऱ्या आहेत, त्यांचे श्वास वेगळे कसे करायचे यावर उद्यापासून बसायचंय. एकीला दम्यासारखा तुटक ठेवावा असं वाटतंय, दुसरी बोलताना सुस्कारे टाकणारी. दोघी एकमेकींशी भांडतात तिथे खरी कसोटी आहे.